आयनांची ऊर्जा आवरणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडमना मी प्रथम पाहिले ते त्र्याण्णवच्या भूकंपानंतर, औशाजवळच्या आमच्या गावी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. नांदेडच्या महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या भौतिकशास्त्राच्या अध्यापिका डॉ. शालिनी वाघमारे विद्यार्थ्यांसह मदतीला आल्या होत्या. माझ्या आईने त्यांना विचारले, "बाई, परत हालंल का ओ?" येणारा प्रत्येक जण 'आता काही होत नाही' असे सांगून जात होता. मॅडम म्हणाल्या, "बारीक धक्के येतील, मावशी. कधी, ते मला सांगता येत न्हाई. दगडी घरात तेवढं झोपू नका." आईला ते उत्तर पटले. बारावीनंतर तिने मला त्यांच्याकडेच शिकायला धाडले.

मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या लोहा गावच्या मॅडमचे संशोधन लेसरने आयन वेगवान करण्याविषयीचे. शक्तिशाली लेसरचा झोत धातूच्या पातळ पापुद्र्यावर पडला की मागच्या बाजूने आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुसाट सुटतात. पण प्रत्येकाची ऊर्जा वेगळी. कर्करोगाच्या गाठीवर ते सोडायचे तर हे चालत नाही. कमी ऊर्जेचे अलीकडेच थांबतात, जास्तीचे गाठ ओलांडून जातात. सर्वांची ऊर्जा जवळपास सारखी कशी राखावी, हे मॅडम संगणकावर गणिते मांडून शोधत. तोवर मी त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी झालो होतो; पोटासाठी लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवत असे. मॅडम तिथे एकदा व्याख्यानाला आल्या. एका मुलीने विचारले, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत. म्हणून तर निवांत ऐक."

ती मुलगी नंतर बसस्टँडपर्यंत प्रश्न विचारत त्यांच्यासोबत गेली.

पुढे आमच्या गणितात हवे तेच दिसले: जवळजवळ सगळे आयन एकाच ऊर्जेचे. शोधनिबंध स्वीकारला गेला, महाविद्यालयात सत्कार ठरला. माझा प्रबंधही त्यावरच उभा होता. मॅडमनी मात्र गणिताची जाळी, म्हणजे संगणक ज्या चौकटींत जागा विभागून हिशेब करतो ती, अधिक बारीक करून ते पुन्हा तपासले आणि तो निकाल नाहीसा झाला. त्यांनीच ठरवलेल्या जाडसर जाळीचा तो भास होता. त्यांनी निबंध मागे घेतला.

"कोण बघून राहिलंय, मॅडम? छापून तर येऊ द्या," प्राचार्य म्हणाले.

"सर, उद्या कुणी यावर यंत्र उभारलं तर?"

सत्काराच्या व्यासपीठावरूनच त्यांनी आपली चूक सांगितली. मी खचलो. दुसऱ्या दिवशी मॅडम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन माझ्या खोलीवर आल्या. "चूक माझी हाय, भोगतोयस तू. आधी जेव. मग बसू कामाला."

बसलो. पापुद्र्याच्या मागे हायड्रोजनयुक्त पदार्थाचा अगदी लहान ठिपका ठेवला, तर त्यातल्या आयनांना जवळपास सारखाच रेटा मिळतो, हे बारीक जाळीतही टिकले. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने ते करून पाहिले. ऊर्जेचा पट्टा अरुंद झाला, म्हणजे आयनांच्या ऊर्जेतला फरक कमी झाला. आमच्या अंदाजाइतका नाही, पण झाला. प्रयोगशाळेने हे फोनवर कळवले. फोन ठेवून मॅडम पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "आणखी अरुंद करता येईल."

मॅडमनी आता साठी पूर्ण केली आहे. रुग्णाच्या उपचारापर्यंत हे काम अजून पोहोचायचे आहे. ते पोहोचेल तो दिवस धडधाकट प्रकृतीने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याइतके आयुष्य मॅडमना लाभावे, एवढेच आम्हा विद्यार्थ्यांचे मागणे.