नरसम्माची भाकरीची टोपली

नरसम्मा आज सकाळी मेली.
"देवाघरी गेली" असलं काही लिहीत नाही. तिलाच गुळमुळीत बोलणं आवडायचं नाही.

माहीत नाही त्यांना सांगते. नरसम्मा आमच्या गल्लीतली. सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला.
नवरा सरकारी दवाखान्यात होता, तेव्हा तिनं बघितलं. पेशंटला जेवण मिळतं, पण खेड्यातनं सोबत आलेलं माणूस पायरीवर उपाशी.

नवरा वाचला नाही. त्याचे दिवस झाले आणि ही टोपली घेऊन माझ्या दारात.
"रोज एक भाकरी जास्त थाप."
"पैसे घेऊन जा की नरसम्मा. रोजची कटकट कशाला?"
"पैसा दिला की तू मोकळी. भाकरी थापताना रोज तुला पायरीवरचं माणूस दिसंल."

लई चिवट बाई.
एक पुढारी बॅनर घेऊन आला. त्याला म्हणाली, "फोटो काढ की. पण टोपली डोक्यावर घेऊन काढ."
बिचारा दवाखान्यापर्यंत चालला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बायकोची भाकरी यायला लागली.

अशी एकेक गल्ली जोडली. पुढं संस्था झाली, रिक्षा आली. दारं मात्र तीच वाजवायची.

आणि आज पंचाईत.
लेक भिवंडीहून यायची, म्हणून मयत दुपारपर्यंत घरात. मयत उचलल्याशिवाय आमच्या गल्लीत चूल पेटत नाही.
त्यात तिच्या मानापायी बाकीच्या गल्ल्यांनीपण चुली बंद ठेवल्या! मेसेजवर मेसेज. हात जोडल्याची चित्रं.

मी ओरडले, "मान काय चाटायचाय? दवाखान्यात माणसं ताटं घेऊन बसतील!"
शेजारीण म्हणाली, "एक दिवस खाडा होऊ दे. समजून घेतील."
"कोण समजून घेतील? नरसम्मा कोण, ते तरी माहीत हाय का त्यांना?"

पण खरं सांगते, काडी माझ्यानंपण ओढवेना. ती समोर निजलेली.

तेवढ्यात महादेवीकाकू उठल्या. घरातनं पत्र्याचा डबा घेऊन आल्या. कडक भाकऱ्या, महिनाभर टिकणाऱ्या. पुण्याला पोराकडं पाठवायला करून ठेवलेल्या.
"ह्याला कुटं चूल लागती?"

मग रडण्याच्या आवाजात डब्यांची झाकणं वाजायला लागली.
सोलापुरात कडक भाकरी नाही असं घर कुठलं? शेंगाचटणी आली, दही आलं.
बाकीच्या गल्ल्यांना मी फोन लावले. चित्रं बास झाली म्हटलं, डबे उघडा.

टोपली भरली. रिक्षावाल्या रफीकभाईंनी तिच्या दारात रिक्षा थांबवली. रोज म्हणायचे तसंच म्हणाले, "निकलताऊँ अम्मा."
आज आतनं शिवी आली नाही.

आधी भाकरी गेली.
मग आम्ही नरसम्माला उचललं.

उद्यापासून दारं मी वाजवणार. तोंड वाकडं करा, चालेल. भाकरी द्या.

नरसम्मा, जा आता बिनघोर. गल्लीभरचा रामराम घे.