एक्केचाळीस नंबरची किटली

बावीस वर्षं बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली की माणसाला डोकी मोजायची खोड लागते. कंडक्टरबाईंना ती इतकी लागली होती की दवाखान्यात नंबर लावून बसल्या तरी समोरच्या बाकांवरची माणसं त्या मनातल्या मनात मोजून टाकत. घरी त्यांची नणंद आणि मुलगी हसायच्या. "वहिनी, घरात आपण तिघीच आहोत. कितीदा मोजलं तरी चौथी निघणार नाही," असं नणंद म्हणायची.

साथ आली आणि बस बंद झाल्या. डेपोतल्या निम्म्या लोकांना मदतीच्या कामाला जुंपलं गेलं. बाईंबरोबर एकाच मार्गावर अकरा वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरदादांना पाण्याचा टँकर मिळाला आणि बाईंच्या हातात आली यादी. शहराच्या कडेला दोरखंडाचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या गल्लीत कामगारांच्या खोल्या होत्या, समोरासमोर दोन रांगा, एकूण एक्केचाळीस दारं. गल्लीत आजारी माणसं सापडल्यावर तिचं तोंड पत्रे ठोकून बंद केलं होतं. पाण्याचा नळ कारखान्याच्या आवारात, आणि कारखान्याला कुलूप. त्यामुळे रोज भर दुपारी टँकर येईल तेव्हाच गल्लीला पाणी, आणि त्याच्याबरोबर माणशी एक जेवणाचं पाकीट.

नियम साधा होता. बाईंनी पहिली शिट्टी मारली की प्रत्येकाने भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. बाई अंगभर झगा घालून, तोंड बांधून, पाइप ओढत आत जायच्या, भांडी भरायच्या, पाकिटं ठेवायच्या आणि परत फिरायच्या. दुसरी शिट्टी वाजेपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही.

पहिले काही दिवस बाईंना त्या गल्लीत पाय टाकताना धडकीच भरायची. डोक्यावर रणरणतं ऊन, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि प्रत्येक दारासमोर एक भांडं. रंगाची रिकामी बादली, पोचा आलेला हंडा, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचा टब. माणूस एकही नाही. खिडकीच्या फटीत डोळे तेवढे दिसायचे, आणि बाईंनी मान वळवली की तेही नाहीसे व्हायचे. आतून खोकला आलाच, तर तो लगेच उशीत दाबल्यासारखा बंद व्हायचा. भरलेल्या बसमध्ये घसा फोडून "पुढे सरका" ओरडणाऱ्या बाई तिथे चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पाय जपून टाकत.

"बाई, तुम्ही तरी आत जाऊन येता," ड्रायव्हरदादा टँकरच्या खिडकीतून म्हणायचे. "मला इथे बसूनसुद्धा वाटतं की आपण शेवटच्या थांब्यावर आलोय आणि सगळे उतरून गेलेत."

"मग टपावर चढून बघा, कुणी झोपलंबिपलं असेल," बाई म्हणायच्या. थट्टा केली की छातीतली धडधड जरा कमी व्हायची.

यादीत चाळीस दारांपुढे माणसांचे आकडे होते. एक्केचाळिसाव्यापुढे शून्य. ती गल्लीच्या टोकाची खोली. तिथला दोर वळणारा कामगार साथीत सगळ्यात आधी गेला. त्याला नेलं त्याच रुग्णवाहिकेतून त्याच्या बायकोलाही नेलं होतं. बाराव्या दिवशी तीही गेल्याचं कळलं. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि कुलपावर सरकारी कागद चिकटवलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, त्या कुलूपबंद दारासमोर एक ॲल्युमिनियमची किटली ठेवलेली होती.

बाई थबकल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, वरचा कागद पाहिला. कागद जसाच्या तसा होता, कोपरासुद्धा उचकटलेला नव्हता. शेजारच्याने जागा नसल्यामुळे ठेवली असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी किटली भरली. दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा तिथेच होती. रिकामी, लख्ख घासलेली, झाकण नीट लावलेलं.

बाईंनी चाळीस नंबरच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "ही किटली तुमची का हो?"

खिडकीची फट जराशी रुंदावली. मग एक बाई अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "तिची आहे. दूध आणायची तिच्यातून. ताई, तुम्ही भरू नका ती."

"कोण तिची?"

"मेली ना, ती. आठ दिवसांपूर्वी अंधार पडायच्या सुमाराला माझ्या या खिडकीशी आली होती. अंगावर दवाखान्याचेच कपडे. माझं नाव घेऊन हाक मारली तिने. मी खिडकी लावून घेतली. तेव्हापासून भिंतीपलीकडे कुणीतरी वावरतं. सरपटल्यासारखा आवाज येतो. वरून. आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण कुणी ब्र काढत नाही. काल तुम्ही पाणी दिलंत, आता ती जायची नाही, असं म्हणतात सगळे."

बाईंनी पाइप उचलला. त्या दिवशी त्यांनी किटली भरली नाही. टँकरपाशी येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरदादांना सांगितलं तर त्यांची पाचावर धारण बसली. "बाई, चाळीसपर्यंतच जायचं," ते म्हणाले. "यादीत शून्य आहे ना? मग आपल्यालाही शून्य."

घरी बाईंची सोय बाहेरच्या खोलीत वेगळी होती. मुलगी दाराशी ताट ठेवायची आणि चार पावलं मागे सरून उभी राहायची. त्या संध्याकाळी ताटाकडे बघत बाई नुसत्याच बसून राहिल्या. डोळ्यांसमोरून किटली हलेना. भुताखेतांना त्या कमी भीत होत्या असं नाही. पण मेलेलं माणूस किटली घासून ठेवेल का, हे त्यांना काही केल्या पटेना. तहान लागलेलंच कुणीतरी भांडं इतकं निगुतीने घासतं. उद्या पुन्हा मिळावं म्हणून घासतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किटली काठोकाठ भरली, आपल्या वाटणीचं जेवणाचं पाकीट पिशवीत घालून तिच्या कडीला अडकवलं आणि पाइप ओढत परत आल्या. "दादा, शिट्टी तुम्ही वाजवा आणि टँकर कोपऱ्यापर्यंत न्या. मी आतच थांबते."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"अकरा वर्षं माझ्या घंटीवर गाडी हलवलीत ना? आता एकदा शिट्टी वाजवून हलवा."

बाई परत आत जाऊन एकोणचाळीस नंबरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली. टँकरचा घरघराट लांब गेला. दारं किलकिली झाली, हात बाहेर आले, भांडी आत ओढली गेली, दारं लागली. गल्ली पुन्हा रिकामी झाली. टोकाला उन्हात एकटी किटली चमकत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग किटली हलली.

आधी किंचित. मग कडी सरळ उभी झाली, किटली जमिनीवरून वीतभर उचलली गेली, आणि पिशवीसकट, गोल गोल फिरत, भिंतीला घासत वर वर चढू लागली. हात नाही, माणूस नाही. बाईंनी भिंतीला पाठ आणखी घट्ट दाबली. किटली दारावरच्या झरोक्यापाशी पोचली आणि तिथे त्यांना तो दिसला, भिंतीच्याच रंगाचा, करड्या सुताचा बारीक दोर. टोकाला तारेचा आकडा. आणि झरोक्यातून बाहेर आलेली दोन बोटं.

बोटांची कातडी सोललेली होती. दोर वळणाऱ्यांची असते तशी.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

बोटं जागच्या जागी थिजली. किटलीतलं पाणी डचमळून भिंतीवरून ओघळलं. झरोक्यातून आवाज आला, न वापरलेल्या बिजागरीसारखा.

"मी तुम्हाला दिसते?"

"तुझी बोटं दिसतात. दोर दिसतो."

"मग मी आहे म्हणायची," आतली बाई म्हणाली आणि रडायला लागली.

तिने सांगितलं ते असं. दवाखान्यात तिला बरं वाटू लागलं. बाराव्या दिवशी हातात एक कागद देऊन तिला घरी जायला सांगितलं. गाडी नव्हती, ती दिवसभर चालत आली. वाटेत सावलीला बसून कागद वाचला तर त्यावर नाव तिचं नव्हतं. शेजारच्या खाटेवर त्याच पहाटे गेलेल्या बाईचं होतं. घाबरून ती तशीच पुढे आली, गल्लीच्या तोंडच्या पत्र्यांच्या फटीतून आत शिरली. दाराला कुलूप. शेजारणीला हाक मारली तर शेजारीण किंचाळली, आणि आतून कुणीतरी म्हणालं, ती तर गेली, निरोप आलाय.

"मला वाटलं खरंच असेल," दोरवाली म्हणाली. "तापात माणसाला काय कळतं? हाक मारली तर कुणी ओ देईना. मागून छपराचा पत्रा सरकवून माळ्यावर चढले. नवऱ्याने घरी वळायला आणलेलं सूत पडलं होतं. पिंपात थोडं पाणी होतं, डब्यात पोहे होते, ते संपेस्तोवर गप्प पडून राहिले. मग किटली सोडली. वाटलं, पाणी मिळालं तर मी आहे. नाही मिळालं तर नाही. काल मिळालं नाही, ताई."

बाईंनी खिशातून यादी काढली आणि एक्केचाळीसपुढच्या शून्यावर काट मारून ठसठशीत एक लिहिला.

कचेरीतल्या कारकुनाने मात्र हात झटकले. "बाई, मृतांच्या यादीत नाव आहे तिचं. मेलेल्या माणसाला पाकीट दिलं तर वर काय उत्तर देऊ?"

"वर विचारलं तर सांगा, कंडक्टरने मोजलंय. माझी मोजणी बावीस वर्षांत चुकलेली नाही. आणि तुम्हाला खात्री नसेल तर चला माझ्याबरोबर, उभं राहून बोला तिच्याशी."

कारकून काही आला नाही. पण तिसऱ्या दिवशी एक नर्स आली, तिने कागद फाडला, कुलूप तोडलं. दार उघडून दोरवाली उन्हात आली तेव्हा चाळीस खिडक्या उघड्या होत्या. कुणी तिला हाक मारली नाही. ती दाराशी उभी राहिली, सगळ्या खिडक्यांकडे एकेक करून बघत. शेवटी चाळीस नंबरच्या बाईने गजांतून हात बाहेर काढला, तिच्या मनगटाला लांबूनच बोट लावलं, आणि गरम लागल्यावर तिथेच खाली बसून हुंदके द्यायला लागली.

गल्लीतले पत्रे निघायला आणखी महिना गेला. दोरवालीचं नाव जिवंतांत आलं. पण एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती दोघींच्याही मनातून जात नव्हती. दोरवालीच्या नावाने जिचे अंत्यविधी झाले, तिच्या घरी काय कळवलं होतं?

दवाखान्याच्या कागदावर पत्ता होता. एका दुपारी दोघी तिथे गेल्या. जुनी इमारत, तिसरा मजला. दार सताड उघडं होतं. आत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी दोघींना पाहिलं आणि काही न विचारता फोन पुढे केला. पडद्यावर निरोप होता: रुग्ण बरी झाली आहे, घरी पाठवली आहे.

"दोन महिने होत आले," ते शांतपणे म्हणाले. "दवाखाना म्हणतो, तुमच्या बायकोला पाठवलं. मी दार लावत नाही. दुपारी जिन्यावर तिची पावलं वाजतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात. मी म्हणतो, अगं ये ना आत. येत नाही."

दोरवालीच पुढे झाली, त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. ती बोलत असताना बाईंना मागे जिन्यावर चपला वाजल्यासारख्या वाटल्या. सावकाश, दम खात कुणीतरी चढत होतं. आवाज तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबला. बाईंनी वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

ही गोष्ट त्यांनी पुढे ड्रायव्हरदादांना कधीच सांगितली नाही.

म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते," दोरवाली म्हणाली. "उजाडता उजाडता तिने पाणी मागितलं. माझ्या पेल्यातलं पाजलं."

"प्यायली?"

"दोन घोट प्यायली. मग डोळे मिटून, बरं वाटलं, म्हणाली."

मग म्हातारे उठले, दारापाशी गेले, बाहेर एकवार पाहिलं, दार लोटून कडी घातली, आणि दोघींसाठी पाणी आणायला आत गेले.