ईनबाईंची फिल्म आणि आत्तींचा पंखा

मी कॉम्प्युटरचा वेग वाढवला तेव्हा माझं वय त्रेपन्न होतं आणि घरात दुसरं कुणी शहाणं माणूस नव्हतं.

म्हणजे सूनबाई कामावर गेली असली तरी माणसं होती. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्या होत्या. आमचे हे पेपर वाचत होते (वाचून झालेलाच, दुसऱ्यांदा). पण कॉम्प्युटर ज्याचा, तो आमचा सागर कागलच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला, आणि तिथं मोबाईल गेटवरच ठेवून घेतात. त्यामुळं सल्ला विचारायची सोय नव्हती. (असती तरी मी विचारला नसता, ते सोडा!)

झालं होतं असं. सागरच्या लग्नाची जी फिल्म व्हिडिओवाल्यानं दिली, तीत मी दोनदा दिसत होते आणि दोन्ही वेळा जेवताना! वरमाई मी का आगंतुक मी? त्याच्याकडनं सगळं कच्चं शूटिंग मागून आणलं, दोन महिने खपून एडिटिंग शिकले आणि गडहिंग्लजच्या आमच्या ईनबाईंना, म्हणजे सागरच्या सासूबाईंना, फोनवर ठणकावून सांगितलं, "गुरुवारी चारला या. मी स्वतः केलेली फिल्म टीव्हीवर दाखवते."

"बघू की," ईनबाई म्हणाल्या. "बोलणारे लई असत्यात."

आता सांगा, यानंतर चारला फिल्म तयार नसणं मला परवडलं असतं का?

गुरुवारी बाराच्या ठोक्याला पेनड्राइव्ह जोडून मी शेवटचं बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, फिल्म तयार व्हायला चार तास चाळीस मिनिटं लागतील. चाळीस मिनिटं उशीर! तेवढ्यात ईनबाईंनी फोनवरून सगळी भावकी जागी केली असती.

मग इंटरनेटवर एक गृहस्थ सापडले. ते म्हणाले, प्रोसेसर हे कॉम्प्युटरचं डोकं, आणि ते कंपनीनं ठरवलंय त्यापेक्षा जोरात पळवता येतं. फक्त तापतं. तेव्हा वेग एकेक पायरीनंच वाढवा, दर पायरीला थांबून तापमान बघा, पंच्याऐंशीच्या वर जाऊ देऊ नका, व्होल्टेजला हात लावू नका आणि हवा खेळती ठेवा.

सगळं ऐकलं मी! एक पायरी वाढवली, थांबले. बहात्तर. दुसरी वाढवली, थांबले. एकोणऐंशी. वीस मिनिटं वाचली. तिसऱ्या पायरीला आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला, तशी गुपचूप मागं आले. आता राहिली हवा. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं आणि पंखा शोधला.

पंखा आत्तींच्या ताब्यात होता. वर्षाच्या चटणीसाठी पाच किलो मिरची सकाळी डंकावर कुटून आणलेली. ती गरम पूड हॉलमध्ये चटईवर पेपर अंथरून पसरलेली, आणि तिच्यापुढं उभा पंखा एक नंबरवर. छताचा पंखा आत्तींनी मुद्दाम बंद ठेवलेला, पूड उडेल म्हणून. (हे मी तेव्हा नीट मनावर घेतलं असतं तर आज लिहायला काही नव्हतं.)

"आत्ती, पंखा जरा पायजे हुता."

"हात लावू नगंस! मिरची अजून गरम हाय. तशीच बरणीत भरली तर वर्षभर काळी चटणी खाशील व्हय?"

"आवो, माझा प्रोसेसर तापलाय!"

"मग त्याला पाणी पाज."

"तुम्ही तरी सांगा की आत्तींना," मी ह्यांना म्हटलं.

"मी पेपर वाचतोय," हे म्हणाले.

तेवढ्यात माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. कॉम्प्युटर हॉलच्याच कोपऱ्यात. मग पंखा कशाला हलवायचा? चटईच ओढायची! आधी पंखा, मग मिरची, मग कॉम्प्युटर, सगळे एका रांगेत. एकाच वाऱ्यात दोघं गार! आत्तींनाही पटलं. "पर एक नंबरवरच ठिव," त्यांनी बजावलं.

एक नंबरवर तापमान चौऱ्याहत्तरला उतरलं. मी तिसरी पायरी चढले. त्र्याऐंशी. वाह! तासाभरानं चौथी चढले. सत्त्याऐंशी. आता शहाण्या बाईनं काय करायचं? मागं यायचं. मी काय केलं? पंख्याचा तीन नंबर दाबला.

चटईवरची पूड उठली आणि सरळ कॉम्प्युटरात शिरली. प्रोसेसरवरच्या पंख्यानं तिला आत ओढलं, मागच्या जाळीतून भिंतीवर फेकलं, आणि भिंतीनं ती आमच्याकडं परत पाठवली.

"बंद कर! आगं बंद कर!" आत्ती ओरडल्या.

"बटण कुठाय? डोळं उघडंनात!" मी.

शेवटी हे पेपर टाकून उठले, चाचपडत भिंतीपर्यंत गेले आणि खाडकन बटण दाबलं. ते छताच्या पंख्याचं होतं!

बरोबर त्याच वेळी दारात ईनबाई. पावणेचारला! सोबत त्यांच्या जाऊबाई, दोघी नव्या साड्या नेसून. "अय्यो शिवा!" म्हणून ईनबाईंनी आत पाऊल टाकलं आणि जी शिंकायला सुरुवात केली, ती अकरापर्यंत मी मोजली. पुढं माझ्याच शिंका सुरू झाल्या.

आणि त्या लाल धुरळ्यात पडद्यावर अक्षरं आली: फिल्म तयार! चारला दहा कमी होते. मी पेनड्राइव्ह उपसला आणि पुढच्या क्षणाला कॉम्प्युटर आपणहून बंद पडला. खिडक्या उघडल्या, पंखे थांबवले, टीव्ही लावला. काही झालं तरी मी फिल्म दाखवणार होते, आणि दाखवली! दीड तास आम्ही पाच जण नाकाला पदर, टॉवेल, जे मिळेल ते लावून बघत होतो. मी त्यात एकोणतीस वेळा आहे. कुणाला दिसले का, देव जाणे.

सागर आला, त्यानं कॅबिनेटमध्ये डोकावलं. "आई, ह्याला फोडणी कुणी दिली?" दोन दिवस ब्रशनं झाडून त्यानं कॉम्प्युटर चालू केला, वेग पहिल्यासारखा केला आणि पासवर्ड बदलला. आत्ती आठवडाभर माझ्याशी फक्त हातवारे करून बोलत होत्या.

मी ईनबाईंच्या फोनची धास्ती घेऊन बसले होते. तो आला.

"काय फिल्म केलीसा वो!" ईनबाई म्हणाल्या. "आमची जाऊ सख्ख्या भावाच्या मयताला रडली न्हवती, ती तुमच्या फिल्मला पयल्या मिंटापास्नं रडत हुती! मीबी रडले. धाकटीच्या लग्नाची फिल्म तुम्हीच करायची. सगळ्या भावकीला मोठ्या हॉलात बसवून दाखवू."

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एवढ्या मोठ्या हॉलाला पाच किलो मिरची पुरायची नाही!