भडंगाचा डबा

बसवंतअण्णानं निपाणीहून आणलेला भडंगाचा डबा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नीट चढल्याशिवाय उघडायचा नाही, असा आमच्या टीमचा नियम. मी पद्मावती, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातली. असलं खमंग भडंग आमच्या घरात कुणाच्या हातून झालं नाही, खोटं कशाला बोलू.

महादेवपुऱ्यात आमचं ऑफिस. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. पूर्वी क्लाउडवरचा एकेक सर्व्हर अण्णा हातानं उभा करायचा, आणि मी शेजारी खुर्ची ओढून तपासायला बसायची. उठला का, मी विचारायची. उठला, तो म्हणायचा. मग पुढचा. शेवटचा उठला की डबा उघडायचा आणि कोरमंगल्याच्या पीजीत भाड्यानं राहणारी टीममधली उपाशी पोरं त्यावर तुटून पडायची. काय दिवस होते ते! अजून आठवले की जीव हळहळतो.

मग कंपनीनं क्लाउडवाल्यांची तयार सेवा घेतली. काय काय उभं करायचं ते एकदा फाइलमध्ये लिहून ठेवायचं. कोड पाठवला की सेवा आपली आपण सगळं उभं करते. ती फाइल लिहायचं काम आलं अण्णाकडेच. म्हणजे ज्याची खुर्ची, त्यानंच ती उचलून बाहेर ठेवायची! राग मला आला, त्याला नाही. त्यानं गपचूप एक पायरी तेवढी ठेवली: अण्णाची मंजुरी आल्याशिवाय सेवेनं पुढं सरकायचं नाही. गरज काहीच नव्हती. पण त्या निमित्तानं मी शेजारी बसायची, डबा उघडायचा, म्हणून मीही तोंड मिटून राहिले.

अण्णा भाच्याच्या जावळाला डोंगरावरच्या देवळात गेला, आणि नेमक्या त्याच दिवशी अपॉइंटमेंटच्या एकाच वेळेला दोन-दोन पेशंटची नावं पडायला लागली. दुरुस्ती तयार होती. घोडं अडलं ते अण्णाच्या मंजुरीपाशी. त्याचा फोन लागेना. संध्याकाळी तो डोंगर उतरेपर्यंत दवाखान्यांत माणसं ताटकळली, आणि साहेबांची बोलणी मी खाल्ली.

परत आल्यावर तो सरळ बसला आणि ती पायरी काढायला लागला. मी म्हटलं, स्वल्प थांब की, दुसऱ्या कुणाचं नाव घालू.

"नको अक्का," तो म्हणाला. "माझ्या हौसेपायी आजारी माणसं बसून राहिली."

पुढची आवृत्ती आम्ही खाली जेवत असतानाच चढून गेली. कुणाला पत्ताही नाही. वर आलो तर पडद्यावर सगळं उठलेलं, हिरवंगार, आणि आमच्या आधी वर आलेल्या अण्णानं सवयीनं डबा टेबलावर काढून ठेवलेला. झाकणावर हात ठेवून तो तसाच बसला होता.

"अक्का, हा आता कधी उघडायचा गं?"

मी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसले.

"उठला का?" मी विचारलं.

त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उठला," म्हणाला, आणि झाकण काढलं.