आत्याचा हात धरून उभी असलेली ती

गेल्या रविवारी हदगावला आत्याकडे जाऊन आले... बाबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेले जुने फोटो तिला दाखवायला. आल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

सुरुवात झाली लेकीच्या कास्ट व्हॅलिडिटीपासून. त्यासाठी वंशावळ काढली. पणजोबा, आजोबा, काका, बाबा, भाऊ... लेक म्हणाली, "आई, यात बायका कुठंयत? या सगळ्यांना काय बाप्यांनीच जन्म दिला का?" हसलो तेव्हा, पण ते डोक्यात राहिलं. ठरवलं, एक वंशावळ आपण आपली करायची. बायकांसकट, आणि जमलं तर फोटोंसकट.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. लातूरचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर ती पेटी निघाली. काही फोटो अल्बमच्या काळ्या पानांना चिकटलेले, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. मग उन्हाळाभर तेच काम. मऊ ब्रशने धूळ झटकायची, स्कॅन करायचं, मागे पेन्सिलीने हलकासा नंबर टाकायचा आणि लॅपटॉपवर त्या नंबरापुढे कोण, कुठलं, कधीचं ते लिहायचं.

त्या 'कोण'पाशीच गाडी अडायची. आजी-आजोबा ओळखू येत होते, काका ओळखू येत होते... बाकीचे नुसते चेहरे. बाबा असते तर चहा पिता पिता सगळं सांगितलं असतं. आता त्या पिढीतली एकटी आत्या उरलीय. आणि तिला हिवाळ्यात लकव्याचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

तरी गेले. वहिनींनी, म्हणजे आत्याच्या सुनेनं, जयभीम करून पाणी दिलं. म्हणाल्या, "त्यायला समजतंय सगळं, ताई. निस्तं बोलता येईना. तुमी इचारा, त्या मान हलवत्यात."

आत्याला उशीला टेकवून बसवलं आणि एकेक फोटो समोर धरला. हाफ चड्डीतले बाबा बघून तिनं डाव्या हातानं स्वतःचाच कान धरून पिळला... म्हणजे बाबांचा कान ती असा पिळायची! आम्ही तिघीही खूप हसलो. मी अंदाजानं नावं घ्यायची, ती हो किंवा नाही म्हणायची. बरीच माणसं अशी लागली.

मग तो फोटो आला. स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, एक खुर्ची, खुर्चीशेजारी लुगडं नेसलेली तरुण बाई आणि तिचा हात धरून उभी दोन वेण्यांची लहान मुलगी. मला वाटलं होतं, आजीच्या माहेरचं कुणी असेल.

आत्यानं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. बोट त्या लहान मुलीवर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

"ही तू?" मान हलली.

"आणि ही?"

तोंडातून नुसता आवाज आला... मग तिनं डावा हात हवेत धरला आणि बोटं हलवायला लागली. खाली-वर, खाली-वर. मला काही उमगेना. वहिनींना आधी कळलं. "वेणी घालून राहिल्यात, ताई. ही बाई त्यायची वेणी घालायची वाटतं."

आत्याची मान हो हो करत हलली.

"आत्या... बहीण का गं तुझी?" तिनं डोळे मिटले आणि पुन्हा पुन्हा मान हलवली. सख्खी? हो. मोठी? हो.

बाबा जन्मभर सांगायचे, आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. आजीच्या तोंडूनही कधी दुसऱ्या लेकीचा विषय ऐकला नव्हता. मला आणखी एक आत्या होती, आणि हे मला इतक्या वर्षांनी एका हाताच्या खुणेवरून कळत होतं.

"नाव काय गं तिचं?"

"ब... ब..."

मग मी आणि वहिनींनी सुरू केलं. बायजा? बनाबाई? भागा? नाही, नाही, नाही. मग गया, मथुरा, सखू, यशोदा... सुचेल ते. वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, पाणी मागायचं असलं तरी बी त्या बबच म्हणत्यात." आत्या शाळेत गेलेली नाही, त्यामुळे लिहून दाखवण्याचाही मार्ग नव्हता. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ऱ्हाऊ द्या ताई," वहिनी म्हणाल्या. "लई तरास होऊन राहिला त्यायला."

मी थांबले. त्या बहिणीचं पुढे काय झालं, कशात गेली, तिच्याविषयी घरात कुणीच का बोलायचं नाही... हे मान हलवून सांगण्यासारखं नव्हतंच. विचारायचा धीरही झाला नाही.

निघताना फोटो घ्यायला हात पुढे केला, तर आत्यानं तो पदराखाली घेतला. मूळ फोटो सगळे एका जागी जपायचे, हा माझाच नियम. पण तो तिथेच राहू दिला. स्कॅन आहे माझ्याकडे... आणि स्कॅनला तिनं काय करायचं?

नांदेड येईपर्यंत बसमध्ये एकच विचार. इतकी वर्षं पेटी माळ्यावर होती आणि बाबा खाली पेपर वाचत बसलेले असायचे. मध्ये फक्त एक शिडी लावायची होती. कुणालाच सुचलं नाही.

काल यादी पूर्ण करायला बसले. त्या फोटोपुढे 'अनोळखी' असं टाइप केलं आणि लगेच खोडलं. आमच्या वंशावळीत आत्याच्या आधी एक चौकोन काढून तो रिकामा ठेवलाय...

अनोळखी कशी म्हणू तिला? आत्याला तिचं नाव माहीत आहे.