बिराजदारबाई डाव्या होत्या का?

"एका पानात लिहून दे," मानेअण्णा म्हणाले. "बाई डावी हाय का न्हाय. सोमवारी कमिटी हाय."

मानेअण्णा आमच्या लाल बावट्याच्या युनियनचे सेक्रेटरी, मूळचे मंद्रूपचे. मी सोलापूरच्या एका मिलमध्ये डाय-हाऊसचा केमिस्ट होतो. डाय-हाऊस म्हणजे सूत रंगवायचं खातं. इमर्जन्सी उठून वर्ष झालं होतं. आमच्या वॉर्डातून नगरसेवकपदासाठी सुमती बिराजदार नावाच्या शाळामास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या गटाचं नाव 'हिरवा गट'. युनियननं पाठिंबा द्यायचा की नाही, हा प्रश्न होता.

"हिरवा म्हंजे नेमका कुठला?" अण्णांनी विचारलं. "मशिदीचा का शेतीचा?"

"झाडं, पाणी, हवा," मी म्हणालो. "जर्मनीकडं असे लोक निवडणुकीला उभे राहतात म्हणे. बाईंनी कुठंतरी वाचलंय."

"मग ते आपले का मालकाचे?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. खरं तर माझं उत्तर तेव्हाच ठरलेलं होतं.

त्याचं कारण सांगतो. पक्का रंग सुतावर बसवायला कॉस्टिक सोडा लागतो. हा क्षार इतका कडक की हाताची कातडी सोलते. रंगवून झालं की ते सगळं पाणी आम्ही मागच्या नाल्यात सोडायचो. नाला कामगारांच्याच वस्तीतून जायचा. दोन वर्षं मी स्वतःहून त्या पाण्याचे नमुने तपासत होतो. नाल्याकाठच्या विहिरीतसुद्धा कॉस्टिक उतरलं होतं. कमिटीत मी तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा अण्णा म्हणाले, "आदी बोनस, मग नाला."

एक दिवस बिराजदारबाई माझ्याकडे आल्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. पाणी कसं तपासतात ते त्यांना शिकायचं होतं. मी शिकवलं, माझी वहीही दाखवली. जाताना त्या म्हणाल्या, "हे तुम्हीच लोकांसमोर मांडा. निवडणुकीला उभे राहा. मी घरोघर फिरून प्रचार करीन."

मी नोकरीचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. नाल्याबद्दल जाहीर बोललो असतो तर मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवलं असतं.

पंधरा दिवसांनी बाई स्वतःच उमेदवार म्हणून मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. हातात विहिरीच्या पाण्याची बाटली. त्यांनी त्यात लाल लिटमस कागदाची पट्टी बुडवली, ती कॉस्टिकनं निळी झाली, आणि दोनशे माणसं बघायला पुढं सरकली. माझीच पट्टी आणि माझेच आकडे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, कारण नाव घेऊ नका असं मीच बजावलं होतं. तरीसुद्धा मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मलाच सांगत होते, "काय बोलली रं बाई! नाल्याचं असं कुणी सांगितलंच न्हवतं आपल्याला."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

रिपोर्टसाठी मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि पत्रक पुढं केलं.

"सांडपाण्याची टाकी बांधून होईपर्यंत डाय-हाऊस बंद ठेवा म्हणता," मी म्हणालो. "तीनशे माणसं घरी बसतील. त्यांचं काय?"

"पत्रकातलं पहिलं कलम वाचा की. बंद काळातला पूर्ण पगार मालकानं द्यायचा. घाण त्यानं केलीय, भुर्दंड कामगारानं का सोसायचा?"

"तुम्ही स्वतःला समाजवादी म्हणवता का?"

"मला त्यातलं फार कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. रिपोर्टमध्ये लिहिलं: उमेदवार मध्यमवर्गीय आहेत. पत्रकात वर्गसंघर्षाचा शब्द नाही. डाय-हाऊस बंद करण्याची मागणी आहे, तीनशे कामगारांच्या रोजगाराला धोका आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पहिलं कलम तेवढं मी लिहिलं नाही.

कमिटीनं विरोधाचा ठराव केला. गेटवर सभा झाली. सभेनंतर नरसय्या माझ्याकडे आला. कॉस्टिकच्या हौदावर काम करायचा. त्याच्या बोटांना कायम भेगा असायच्या आणि त्याचं घर नाल्याला लागूनच होतं.

"सायेब, बंद ठेवलं तर पगाराचं काय म्हनली बाई?"

"काही बोलली नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मग न्हाई जमायचं," म्हणाला आणि गेला. तो माझ्यावर विश्वास ठेवायचा, कारण डाय-हाऊसमध्ये हातमोजे मागणारा पहिला माणूस मी होतो.

बाई पडल्या. निकालाच्या संध्याकाळी मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

पुढं महापालिकेनं मिलला टाकीबद्दल नोटीस काढली. मॅनेजरनं उत्तराला आमचाच ठराव जोडला: कामगारांनाच हे नको आहे. नोटीस फायलीत गेली. वर्षभरानं मालकानं डाय-हाऊस आपण होऊन बंद केलं. बाहेरून रंगवून घेणं त्याला स्वस्त पडत होतं. पगार नाही, टाकी नाही. नरसय्या बायकोमुलांना घेऊन भिवंडीला गेला.

घरी बसलेल्या कामगारांना भरपाई मागायची होती, त्याचं मागणीपत्र लिहायला अण्णांनी मला बोलावलं. जुने कागद चाळताना त्यांच्या हाताला बाईंचं पत्रक लागलं. ते उभ्याउभ्याच वाचायला लागले.

"पूर्ण पगार," अण्णा म्हणाले. "आपन निम्मा मागतोय. हे तू वाचलं न्हवतंस व्हय?"

"वाचलं होतं."

अण्णांनी पत्रक टेबलावर ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मग बाई आपल्यापेक्षा डावी हुती की रं."

मी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. ऐकून घेतलं, हातातली वही पुरी केली, मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माझं चुकतंय असं तुम्हाला खरंच वाटतं." चहाचं विचारलं नाही.

झाडापाण्याचे पक्ष खरे डावे असतात की नाही, यावर आता पुष्कळ वाद होतात. माझं मत विचारलं तर मी देत नाही. एक मात्र सांगतो. रिपोर्ट मागणाऱ्यानं आधी विचारून घ्यावं, लिहिणाऱ्याचं त्या माणसाशी काही बिनसलंय का. मला अण्णांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असंही नाही.