बुसानचे मोजे

विषुववृत्ताजवळच्या क्वीन्सटाउनला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ जहाजावर इंजिनिअर होते. इंजिनरूमच्या सवयीने लिफ्टमध्येसुद्धा ओरडून बोलायचे आणि कुठेही बसता-उठताना 'आई गं' म्हणायचे. कोरियाची फेरी झाली की बुसानच्या जमिनीखालच्या बाजारातले लोकरी मोजे मजलाभर वाटायचे.

"इथल्या उकाड्यात मोजे घालणार कोण?" त्यांची बायको वैतागायची.

लिफ्ट तेव्हा ठरावीक मजल्यांवरच थांबायची, आमच्या मजल्यावर नाही. एकदा उरलेला जिना चढून ते आमच्याच दारात टेकले. मांडीवर मोज्यांची पिशवी. मी विचारलं, "दरवेळी मोजेच का हो?"

पहिल्यांदाच ते हळू बोलले. "एक म्हातारी विकते. एकदा पाय दुखले म्हणून तिच्या दुकानापुढे टेकलो आणि 'आई गं' म्हणालो. तीही गुडघे धरून बसत होती. म्हणाली, 'आयगो!' दमल्यावर तिकडे तसंच म्हणतात. मग तिने मला स्टूल दिलं. आता दर फेरीला जातो."

"आणि बोलता काय?"

"एवढंच."

मोजे माझ्या हातात देऊन ते उठले. "आई गं..."

समोरच्या दारातून बायकोचा आवाज आला, "आता काय झालं?"

"काही नाही!" ते नेहमीसारखे ओरडले.